घाटात गाडी लागते, तरी अंतराळात जाता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, बाणेरला राहतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. वजन ६२ किलो, बीपीची एक गोळी चालू, आणि महाडला माहेरी जाताना वरंधा घाटात दरवेळी गाडी लागते. त्या विचारतात: "लष्कराशी संबंध नसलेल्या साध्या माणसाला अंतराळप्रवासाचं प्रशिक्षण झेपतं का? नेमकं काय काय करून घेतात? आणि पुण्यात राहून आत्तापासून काय तयारी करता येईल?"

ताई, आधी सरळ उत्तर देते: झेपतं. वय, बीपी आणि घाट या तिन्हींत अडून बसण्यासारखं मला फारसं काही दिसत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही. तिकडे येतेच.

मी हवाई दलात डॉक्टर होते. एमबीबीएस इथेच वानवडीला, एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात. पुढे बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये शिकले आणि नोकरीचा बराच काळ वैमानिकांच्या कानांत, डोळ्यांत आणि रिपोर्टांत डोकावण्यात गेला. निवृत्तीनंतर पुण्यातच प्रॅक्टिस करते. परदेशात पॅराबोलिक फ्लाइटला (विमानातच काही सेकंद वजनरहित करणारं उड्डाण) किंवा सेंट्रिफ्यूजच्या (गरगर फिरवून शरीरावर भार आणणारं यंत्र) कोर्सला जाणारी हौशी मंडळी अधूनमधून येतात, त्यांना तपासून, जरा तयार करून पाठवते. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पण त्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये बसलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिली आहेत, आणि शरीराला गणवेश कळत नाही.

आता मुळात तुम्हाला कुठे जायचंय, हे ठरवा. 'अंतराळप्रवास' या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी बसवल्या जातात. एक म्हणजे वर जाऊन लगेच खाली येणं. ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीच्या न्यू शेपर्ड यानाचं उड्डाण १०-११ मिनिटांचं असायचं, १०० किलोमीटरच्या जरा वर, त्यात तीनेक मिनिटं वजनरहित. त्यासाठीचं प्रशिक्षण दोन दिवसांत उरकायचं. दुसरी गोष्ट म्हणजे कक्षेत जाऊन राहणं. २०२१च्या सप्टेंबरात स्पेसएक्सच्या इन्स्पिरेशन-४ या मोहिमेतून चार सिव्हिलियन तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून आले, त्यांचं प्रशिक्षण साधारण सहा महिने चाललं. मार्स या चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीत काम करणारी हेलन शार्मन ही ब्रिटिश केमिस्ट १९९१ साली मीर या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेली. तिला मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत दीड वर्ष काढावं लागलं, रशियन भाषेसकट. दोन दिवसांचं शिबिर आणि दीड वर्षाचा वनवास यांची तुलनाच होत नाही. तुमच्या प्रश्नाचा रोख पहिल्या प्रकाराकडे दिसतो, पण मी दोन्हींबद्दल लिहिते, कारण शरीराचे धडे तेच आहेत, फक्त डोस वेगळा.

पहिला अडथळा म्हणजे मेडिकल. सगळे याच पायरीला घाबरतात आणि खोटंही इथेच बोलतात. हवाई दलात वैमानिक डॉक्टरला जरा टाळूनच असतात. कारण उघड आहे: डॉक्टर त्यांना जास्तीचं काही देऊ शकत नाही, फक्त असलेलं उड्डाण काढून घेऊ शकतो. सिव्हिलियन माणूस तर घर विकावं लागेल इतके पैसे भरून आलेला असतो, तो कशाला सांगेल की जिना चढताना कधीकधी छातीत धडधडतं? माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी 'आजार: काहीही नाही' असं ठसठशीत लिहिलं होतं. पोट तपासताना ऑपरेशनचा वण दिसला. म्हणाले, "ते होय, ते जुनं आहे." जुनं म्हणजे मुतखड्याचं, आणि दोनदा झालेलं.

मुतखडा ही इथे किरकोळ गोष्ट नाही. अंतराळात हाडांतला कॅल्शियम सुटून लघवीत उतरतो आणि खडा होण्याची शक्यता वाढते. २००६ साली दाइसुके एनोमोतो या जपानी उद्योजकाचं सगळं प्रशिक्षण झालं होतं, पण उड्डाणाला महिनाही उरला नसताना वैद्यकीय कारणावरून त्याला उतरवलं गेलं. त्याच्या जागी राखीव असलेल्या अनुशे अन्सारी गेल्या. उलट उदाहरण ग्रेगरी ऑल्सन या अमेरिकन उद्योजकाचं. त्यांच्या फुप्फुसाच्या एक्स-रेत डाग दिसला म्हणून प्रशिक्षण थांबलं. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला, पुन्हा दाखल झाले आणि २००५च्या ऑक्टोबरात जाऊन आले. सापडलेल्या आजारावर मार्ग निघतो. लपवलेला आजार मात्र वर गेल्यावर सापडतो, आणि तिथे ओपीडी नसते.

वयाचं म्हणाल तर आपल्या लोहगावचीच दोन उदाहरणं आहेत. ८ जून २००६ला राष्ट्रपती कलाम लोहगावहून सुखोईत बसून आले, आणि २५ नोव्हेंबर २००९ला प्रतिभाताई पाटील. दोघंही तेव्हा ७४ वर्षांचे. प्रतिभाताईंचा जी-सूटमधला (लढाऊ विमानात घालतात तो पोशाख) फोटो तुम्ही पाहिलाच असेल. न्यू शेपर्डमधून वॉली फंक ८२व्या वर्षी गेल्या आणि विल्यम शॅटनर ९०व्या. ४३ म्हणजे तुम्ही बालवाडीत आहात. बीपी एका गोळीवर ताब्यात असेल तर तेवढ्यावरून सहसा कोणी परत पाठवत नाही. गोळी कोणती, हे मात्र महत्त्वाचं. बीटा ब्लॉकर गटातली असेल तर ती हृदयाचा वेग वाढू देत नाही, आणि जी-चा भार (जी म्हणजे नेहमीच्या वजनाची पट, दोन जी म्हणजे दुप्पट) आल्यावर तो वाढायला हवा असतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून, वेळ हाताशी ठेवून बदल करता येतो. गोळी स्वतःहून बंद करून 'माझं बीपी नॉर्मल आहे' असं दाखवायला जाऊ नका. हा उद्योग करणारेही मी पाहिलेत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्यासाठी अल्टिट्यूड चेंबरमधली एक गोष्ट सांगते.

हा चेंबर म्हणजे जाड दाराची लोखंडी खोली. आतली हवा उपसून २५ हजार फुटांवरची स्थिती तयार करतात. सगळ्यांना ऑक्सिजनचे मास्क असतात. मग एकेकाचा मास्क काढून त्याला पॅडवर लिहायला बसवतात: शंभरातून सात वजा करत जा. एकदा एका अभ्यासासाठी स्वयंसेवक म्हणून एक तरुण इंजिनिअर आली होती. हुशार, गणितात तर वाघीण. तिने सुरुवात केली: १००, ९३, ८६, ७९, ७२. अक्षर सुरेख, आकडे एका ओळीत. मग पुन्हा ७२. मग आणखी एक ७२, हा जरा मोठा आणि तिरका. नखं जांभळट पडायला लागली होती. मी इंटरकॉमवर विचारलं, "कसं वाटतंय?" चेहरा हसरा, अंगठा वर. "एकदम मस्त, मॅडम." मी म्हटलं, मास्क लावा. तिने मान डोलावली आणि पुन्हा ७२ लिहिला. दुसऱ्यांदा सांगितलं, पुन्हा मान डोलली. शेवटी शेजारच्या सहायकाने मास्क तिच्या तोंडावर धरला. दोन-चार श्वासांत ती भानावर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो दिव्याबद्दल: "आत्ता लाइट वाढवला का?" लाइट तेवढाच होता. ऑक्सिजन कमी पडल्याने तिचे डोळे हळूहळू मंदावले होते आणि तिला पत्ताही नव्हता. पॅड दाखवल्यावर ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली.

हा प्रयोग सहनशक्ती मोजायला नसतो. २५ हजार फुटांवर तीन ते पाच मिनिटांत भल्याभल्यांचा मेंदू कामातून जातो, त्यात शौर्य काही नाही. तुमच्या शरीराची पहिली खूण कोणती, एवढंच तिथे शिकायचं असतं. कोणाच्या ओठांना मुंग्या येतात, कोणाला गरम वाफ आल्यासारखं होतं, कोणी उगाच विनोद करायला लागतो. ती खूण माणसागणिक वेगळी असते, पण एकाच माणसात बहुतेक वेळा तशीच परत येते. ती ओळखायची आणि लगेच, लाज न बाळगता, बोलायची. सिव्हिलियन माणसाच्या सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा माझ्या मते हाच आहे, आणि आपल्याकडची शिकलेली माणसं इथेच अडतात. आपल्याला लहानपणापासून 'काही नाही, होईल ठीक' म्हणायची सवय लावलेली असते. सेंट्रिफ्यूजमध्येही तेच चालू राहतं.

सेंट्रिफ्यूज म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बांधलेली केबिन. दांडा गरगर फिरतो आणि केबिनमधल्याला स्वतःचं वजन वाढल्यासारखं वाटतं. चार जी म्हणजे तुमच्या ६२ किलोचे २४८ किलो. हातात एक बटण देतात. ते दाबून धरायचं, सोडलं की यंत्र थांबतं. समोर दिव्यांची एक पट्टी असते: मधोमध एक दिवा, दोन्ही बाजूंना दोन. भार डोक्याकडून पायांकडे असेल, म्हणजे लढाऊ विमान वळताना असतो तसा, तर रक्त खाली उतरतं आणि आधी रंग फिके होतात. मग कडेचे दिवे दिसेनासे होतात. नळकांड्यातून बघितल्यासारखं फक्त मधलं उरतं. तो गेला की काळोख, आणि त्याच्याही पुढे शुद्ध जाते. शुद्ध हरपलेली माणसं साधारण पंधरा सेकंदांनी डोळे उघडतात, पुढची काही सेकंदं गोंधळलेली असतात आणि त्यांतली बरीच जणं शपथेवर सांगतात, "मी पूर्ण जागा होतो." व्हिडिओ दाखवावा लागतो. मान कलंडलेली, हात फडफडतायत, आणि साहेब आपल्याच व्हिडिओकडे अविश्वासाने बघतायत. एकाने तर कॅमेऱ्याचीच चूक काढली होती.

घाबरू नका, अंतराळयानात तुम्हाला असं बसवत नाहीत. तिथे पाठ टेकवून, जवळजवळ आडवं ठेवतात. भार छातीकडून पाठीकडे येतो, त्यामुळे डोक्यातलं रक्त डोक्यातच राहतं. न्यू शेपर्ड खाली येताना काही सेकंद पाच जी-च्या आसपास लागायचे आणि बहुतेकांना ते सोसायचे. या आडव्या भाराची तऱ्हाच वेगळी. छातीवर कोणीतरी पाट ठेवून त्यावर बसल्यासारखं वाटतं. गाल कानांकडे ओढले जातात, डोळ्यांतलं पाणी थेट कानांत जातं. खरी अडचण श्वासाची. आत घेतलेला श्वास सहज सुटतो, पण पुन्हा छाती फुगवायला जावं तर फासळ्या हलत नाहीत. आणि नेमका तेव्हाच माणूस घाबरून बटण सोडतो. यावर उपाय असा: छाती पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, ती भरलेली ठेवून पोटाने छोटे छोटे श्वास घ्यायचे. तुमच्यात कोणी शास्त्रीय गाणं शिकलं असेल किंवा बासरी वाजवत असेल, तर त्याला हे दहा मिनिटांत जमतं. जिममध्ये दंड फुगवलेल्यांना जास्त वेळ लागतो, हे माझं निरीक्षण आहे, त्यामागे संशोधन नाही. यंत्र थांबत असताना डोकं अजिबात हलवायचं नाही. तेव्हा आपण पुढच्या पुढे कोलांट्या खातोय असं हमखास वाटतं, आणि मान वळवली तर पोटातलं बाहेर येतं.

बरं, पाच जी-वर भागलं नाही तर? सोयुझ ही रशियन कुपी कक्षेतून नेहमीच्या मार्गाने उतरली तर चारेक जी लागतात. एप्रिल २००८मध्ये मात्र ती वाकड्या वाटेने, तीव्र कोनात आली आणि आतल्या तिघांना आठहून जास्त जी सोसावे लागले. ठरल्या जागेपासून चारशेहून जास्त किलोमीटर अलीकडे कझाकस्तानच्या गवताळ माळावर ती आदळली. त्या तिघांत यी सो-यॉन होती. दक्षिण कोरियाची, वैमानिक नाही, सैनिक नाही, प्रयोगशाळेत काम करणारी इंजिनिअर. ३६ हजार अर्जांतून दोघं निवडली गेली होती आणि ती राखीव होती. मुख्य उमेदवाराने प्रशिक्षणाची कागदपत्रं नियम मोडून बाहेर नेली म्हणून जेमतेम महिनाभर आधी तिचा नंबर लागला. राखीव माणसाचं प्रशिक्षण मुख्य माणसाइतकंच कसून का घेतात, ते यावरून कळेल. आणि राखीव म्हणजे बऱ्याचदा राखीवच राहणं. १९८४ला राकेश शर्मांच्या मागे रवीश मल्होत्रा होते, २०२५ला शुभांशु शुक्लांच्या मागे प्रशांत नायर. दोघांनी घाम तेवढाच गाळला.

आता तुमचा घाट. एसटी वळणं घेते तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो 'आपण हलतोय', आणि समोरच्या सीटची पाठ बघणारे डोळे म्हणतात 'कुठे? सगळं स्थिर आहे'. या भांडणात पोट ढवळतं. ड्रायव्हरला कधी गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. वजनरहित स्थितीत हे भांडण उलटं होतं: डोळ्यांना सगळं फिरताना दिसतं आणि कानातल्या भागाला खाली कुठे आणि वर कुठे तेच कळत नाही. म्हणूनच घाटात उलट्या होणाऱ्याला वरही होतीलच असं नाही, आणि न होणाऱ्यालाही खात्री नाही. जमिनीवरच्या चाचण्यांवरून वर कोणाला त्रास होईल हे नीट सांगता आलेलं नाही. कक्षेत जाणाऱ्या दर दहांतल्या सहा-सात जणांना पहिले दोन-तीन दिवस कमीजास्त त्रास होतो, त्यांत कसलेले वैमानिकही आले. १९८५ला शटलमधून गेलेले अमेरिकन सिनेटर जेक गार्न इतके बेजार झाले की त्यांच्या नावाने थट्टेत एक मोजमापच पडलं. एक गार्न म्हणजे याहून वाईट होऊ शकत नाही. वर जाऊन लगेच खाली येण्यातल्या तीनेक वजनरहित मिनिटांत मात्र त्रास सुरू व्हायच्या आतच तुम्ही परत खुर्चीत असता.

गरगर फिरणाऱ्या खुर्चीत डोळे मिटून बसवतात आणि डोकं डावी-उजवीकडे कलवायला सांगतात, ते यासाठीच. ओकायला लावणं हा हेतू नसतो. किती वेळाने, कोणती खूण आधी येते हे टिपतात, आणि रोज थोडं थोडं केलं तर शरीर सरावतंही. औषध म्हणाल तर आपल्या घराघरांत प्रवासाच्या पिशवीत असते ती ॲव्होमिन. तिच्यातलं प्रोमेथाझिन अंतराळवीरांना इंजेक्शनने देत आले आहेत. झोप येते, एवढं लक्षात ठेवा. उड्डाणाच्या दिवशी पहिल्यांदा घ्यायचं हे औषध नव्हे.

या बाबतीत माझीच फजिती सांगते. फ्रान्समध्ये बोर्दोहून एक एअरबस ए३१० उडते, लोकांना वजनरहित अवस्था दाखवायला. विमान नाक वर करून चढतं, मग पायलट ते फेकलेल्या दगडासारखं सोडून देतो आणि २२ सेकंद सगळं तरंगतं. असं पंधरा वेळा. चढताना १.८ जी लागतात, तेव्हा पाठीवर पडून छताकडे बघत राहायचं ही पहिली सूचना. ती मी आयुष्यभर इतरांना देत आले आहे. स्पीकरवर आवाज येतो, "थर्टी... फॉर्टी... इंजेक्शन" (आकडे विमानाच्या नाकाच्या कोनाचे, आणि इंजेक्शन म्हणजे तरंगण्याच्या टप्प्यात शिरणं), आणि पाठीखालची चटई निघून जाते. हो, निघून जाते, याहून चांगला शब्द मला मिळाला नाही. पडण्याची भीती वाटत नाही. उशीचा दाब, पदराचा भार, आतड्यांचं ओझं, असं जे जन्मभर अंगावर होतं ते एकदम कोणीतरी काढून घेतलेलं असतं. पहिल्याच खेपेला मी पाय मारले, सगळे नवखे पोहल्यासारखे मारतात तसे, आणि शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याला टाच लागली. आठव्या खेपेला चढताना माझ्या डावीकडचा मुलगा पांढराफटक दिसला. डॉक्टरकीची सवय, मी १.८ जी-मध्ये मान वळवून त्याच्याकडे बघितलं. झालं. तोंडात लाळ सुटली, कपाळावर थंड घाम. तिथल्या सहायकाने येऊन विचारलं, "ठीक?" आणि मी, पंचवीस वर्षं याच उत्तरासाठी लोकांना झापलेली बाई, म्हणाले, "ठीक." नवव्या खेपेला पिशवी लागली आणि उरलेल्या सहा खेपा मी मागच्या सीटवर पट्टा बांधून, डोळे मिटून काढल्या. वेळीच बोलले असते तर त्यांनी मला एक खेप आडवं ठेवलं असतं आणि बाकीच्या वाचल्या असत्या.

बाकी प्रशिक्षणाचा मोठा भाग कंटाळवाणा असतो, आणि ते कोणी व्हिडिओत दाखवत नाही. पट्टे बांधा, सोडा, पुन्हा बांधा. सूट चढवा, हवा भरून बघा. त्यात बोटं वाकवायलाही जोर लागतो, आणि ज्यांना एमआरआयच्या नळीत गुदमरतं त्यांची परीक्षा इथे होते. कक्षेत जाणाऱ्यांना आग लागणं, हवा गळणं आणि विषारी वायू सुटणं या तीन संकटांची घोकंपट्टी झोपेतही आठवेल इतकी करून घेतात. आणि संडास. हसू नका. इन्स्पिरेशन-४मध्ये इशारा वाजला तो संडासाच्या पंख्याचा. तिथे हवेच्या ओढीवरच सगळा कारभार चालतो, पंखा रुसला की काय होईल याची कल्पना करा. त्या चौघांना जमिनीवरच्या लोकांशी बोलत ते निस्तरावं लागलं. त्यांच्यापैकी हेली आर्सेनो २९ वर्षांची, लहानपणी हाडाच्या कॅन्सरमधून उठलेली, पायात कृत्रिम हाड. तिने सिम्युलेटरमधला तीस तासांचा सलग सराव केला आणि रेनियर पर्वताच्या बर्फातही सगळ्यांबरोबर चालली. पर्वतावर नेलं ते फिटनेससाठी कमी आणि थंडीत, दमून, एकमेकांवर चिडून झाल्यावर कोण कसं वागतं हे बघायला जास्त.

आता पुण्यातली तयारी. न्यू शेपर्डच्या प्रवाशांसाठी जाहीर केलेल्या अटींत एक फार छान होती: सात मजले दीड मिनिटाच्या आत चढता आले पाहिजेत, कारण यानात बसायला मनोऱ्यावर पोचायचं असायचं. तुमच्या सोसायटीची लिफ्ट आजपासून बंद समजा. आधी रोज एकदा सात मजले आरामात, मग घड्याळ लावून. रविवारी पर्वती, जमेल तेव्हा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. पण गडावर एकट्या जाऊ नका. चार जणांना घेऊन जा, त्यांत एक जरा डोक्यात जाणारा असू द्या, आणि उतरताना सगळ्यांची पाण्याची बाटली संपल्यावर तुम्ही कशा बोलता याकडे लक्ष ठेवा. पोहणं येत नसेल तर टिळक तलावावर नाव घाला. इन्स्पिरेशन-४सारखं कक्षेतलं यान समुद्रात उतरतं, आणि पाण्याखाली श्वास शांत ठेवता येणं सूटमध्येही उपयोगी पडतं. दातांतली कीड भरून घ्या, कमी दाबाला दाताखालची पोकळी ठणकते. सर्दी असताना कुठल्याही चेंबरला बसायचं नाही, कानाचा पडदा फाटू शकतो. पोटाने श्वास घ्यायची सवय रोज झोपताना, पोटावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून करा. माझ्या पेशंटांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो, पण जमतो.

पैसे कुठे भरायचे ते मला विचारू नका. व्हर्जिन गॅलॅक्टिक या कंपनीने २०२४च्या जूनमध्ये युनिटी हे यान थांबवलं तेव्हा तिकिटं काढलेले कित्येक जण रांगेतच राहिले. आधी पॅराबोलिक फ्लाइट करून या, खर्च त्या मानाने कमी आणि शिकायला सगळ्यात जास्त मिळतं.

आणि पहिला गृहपाठ महाडचा. पुढच्या वेळी वरंध्याला पुढची सीट मागू नका, गोळीही घेऊ नका, बरोबर कोणीतरी असू द्या. भोर सुटल्यावर फोनवर रेकॉर्डर लावा आणि दर पाच मिनिटांनी, काही होत असो वा नसो, काय वाटतंय ते मोठ्याने बोला: जांभया, लाळ, घाम, उगाच आलेली चिडचिड, सगळं, वेळेसकट. 'ठीक आहे' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. परत आलात की ते रेकॉर्डिंग, बीपीच्या गोळीचं पाकीट आणि जुने सगळे रिपोर्ट घेऊन या. जे दाखवायला नको वाटतं तेही.